विजयाच्या वाट्याचा वास

फोन रविवारी दुपारी आला. विजयाच्या खालच्या मजल्यावर राहणारी रेणुका बोलत होती, आणि धड बोलतही नव्हती. "मॅडम, लवकर या की हो. अक्का उठंनात. डॉक्टर आलेत वर..." विजयाला तिच्या बिल्डिंगमधली सगळी माणसं अक्काच म्हणायची. मी कणीक मळत होते. तशाच हातानं फोन कानाला दाबला आणि ओरडले, "गॅस होता का? रेणुका, आधी ते सांग. घरात गॅसचा वास होता का?" ती गोंधळली. "न्हाय हो, गॅस कुटला? झोपल्यात तशाच हायत. डॉक्टर म्हणत्यात हार्टचं हाय." मी पुन्हा विचारलं. खिडक्या उघड्या होत्या का, शेगडीचा नॉब कुठं होता, तू आत गेलीस तेव्हा तुझं डोकं दुखलं का... ती बिचारी रडत रडत उत्तरं देत राहिली आणि शेवटी चिडली. "अक्का गेल्या मॅडम, आन् तुमी शेगडीचं काय विचारताय!"

वाचणाऱ्यांनाही तसंच वाटेल, याची मला कल्पना आहे. इतक्या वर्षांची मैत्रीण गेली आणि ही बाई नॉब विचारते. पण खरं सांगायचं तर 'हार्ट' हा शब्द ऐकल्यावर मला आधी हायसं वाटलं. गॅसनं नाही गेली. ज्या फोनची मी इतके दिवस धास्ती घेऊन बसले होते तो फोन आला होता, पण कारण भलतंच सांगत होता. मग मी ओट्याला टेकून खाली बसले आणि रडले. आता दोन महिने होत आले. अजून संध्याकाळ झाली की हात फोनकडं जातो.

आम्ही दोघी सोलापुरातल्या एकाच कॉलेजात, रसायनशास्त्र विभागात, एकाच जूनमध्ये लागलो. मी मंगळवेढ्याची, शाळामास्तरांची मुलगी, जन्मजात घाबरट. एसटीत बसले तरी ड्रायव्हरचे डोळे मिटत नाहीत ना हे बघत बसणारी. विजया शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांच्या घरातली. घरात तेलुगू, गल्लीत दखनी, कॉलेजात मराठी, आणि रागावली की तिन्ही एकदम. वडिलांचे माग होते आणि मागच्या अंगणात सूत रंगवायची हंडी. हंडीतला रंग उतरवायची वेळ झाली की नाही, हे लहानपणी ती वासावरून सांगायची म्हणे. मला ते खोटं वाटायचं. नंतर लॅबमध्ये तिचं नाक बघितलं आणि पटलं.

ज्यांनी बारावीनंतर सायन्स केलंय त्यांना आठवत असेल, प्रॅक्टिकलला एक पुडी मिळते. आत पांढरी पूड. ती मीठही असू शकते आणि विषही, त्यामुळं चाखायची नाही. कुठल्याही सॉल्टचे दोन भाग असतात, एक धन आयन आणि एक ऋण आयन. त्यातला धन आयन कोणता ते शोधायचं. तो लोकांत मिसळलेल्या चोरासारखा असतो, एकेकाला बाजूला काढत जावं लागतं. विरळ हायड्रोक्लोरिक आम्ल घालून पांढरा साका बसला तर शिसं असण्याचा संभव. नाही बसला तर त्यात सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू सोडायचा. काळा साका आला तर तांबं वगैरे, पिवळाधमक आला तर कॅडमियम. मग पुढचे गट, मग ज्योतीचा रंग. पण या सगळ्याच्या आधी, अगदी पहिल्या पायरीला, अमोनियम. पूड कॉस्टिक सोड्याबरोबर तापवायची, आणि नाकात झिणझिण्या आणणारा वास आला की समजायचं, सापडला.

विजया हा वास दारातूनच ओळखायची. वर्गात पाऊल टाकायची आणि म्हणायची, "खिडकीजवळच्या टेबलावर कुणाचा तरी अमोनियम आलाय. आणि बाळांनो, मागच्या टेबलावर ॲसिटेट आहे, व्हिनेगर घेऊन बसलाय की काय?" पोरं चाट पडायची. दुसरं तिचं ठरलेलं वाक्य कॅल्शियमचं. आमच्याकडं बोअरचं पाणी इतकं जड की बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो. डिस्टिल्ड वॉटर घ्यायचा आळस करून पोरं नळाच्या पाण्यात सॉल्ट विरघळवायची, आणि मग सगळ्या वर्गाला कॅल्शियम सापडायचं. कुणी उड्या मारत "मॅडम, कॅल्शियम!" म्हणत आलं की विजया शांतपणे विचारायची, "ते तुझ्या सॉल्टमधलं की आपल्या बोअरचं?" नवीन मास्तर पोरांना झापायचे. ती झापायची नाही, नळाच्या पाण्याचीच टेस्ट करायला लावायची. साका बसला की पोरगं आपोआप खाली मान घालून डिस्टिल्ड वॉटर आणायला जायचं.

मध्यंतरी मला एम.एस्सी.चे वर्ग मिळाले आणि मी नव्या इमारतीत गेले. ती जुन्या लॅबमध्येच राहिली. भांडण नाही, तंटा नाही, पण भेटी कमी झाल्या. जिन्यात हाक, कुणाच्या तरी सेंड-ऑफला शेजारी खुर्ची, एवढंच. तिनं लग्न केलं नव्हतं. आई-वडील गेल्यावर ती एकटीच राहत होती. माझ्यामागं घर, सासू, मुलाच्या परीक्षा. अशी वर्षं जातात, कळतही नाही.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ती आजारी पडली. बरी झाली, कॉलेजही उघडलं. एके दिवशी मी तिच्या लॅबवरून चालले होते, तर दारातच माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आत बघते तर टेबलावर अमोनियाची मोठी बाटली उघडी, बूच बाजूला, आणि तिच्या अगदी समोर विजया डोळे पुसत पुसत शांतपणे हजेरी मांडत बसलेली. मी तोंडाला पदर लावून आत धावले, बूच बसवलं. "अगं, तुला कळत नाही का?" तिनं माझ्याकडं बघितलं, मग बाटलीकडं. चेहरा एकदम पांढरा पडला. उठून तिनं दार लावून घेतलं.

"येत नाही मंगल," ती म्हणाली. "काहीच येत नाही. दूध करपलेलं कळत नाही. परवा शेंगा भाजत होते चटणीला, धूर दिसल्यावर कळलं. डॉक्टर म्हणाले येईल परत, वाट बघा... वाट बघतेय."

आणि मग माझा हात घट्ट धरून, "कुणाला बोलू नकोस. सरांना कळलं तर माझी प्रॅक्टिकलं काढून घेतील. नुसती थिअरी देतील. मी काय फळ्यावर वास लिहू?"

मी हो म्हणाले आणि त्या दिवसापासून माझी झोप उडाली. तिच्या लॅबच्या कोपऱ्यात एक लहान खोली आहे, तिथं हायड्रोजन सल्फाइड तयार करायचं काचेचं जुनं उपकरण आहे. त्याची तोटी नीट बंद झाली नाही तर वायू येत राहतो. थोडा असला तर घाण वास, डोकेदुखी. जास्त झाला तर माणूस जागच्या जागी पडतो. आणि त्याची सगळ्यात वाईट खोड म्हणजे जास्त झाला की तो नाकच मारून टाकतो. वास बंद होतो आणि माणसाला वाटतं, गेला वायू. म्हणजे चांगल्या नाकाच्या माणसालाही तिथं सावध राहावं लागतं. मग हिचं काय? आणि वर्गभर मुलं, ज्यांना वाटतं मॅडम शांत आहेत म्हणजे सगळं ठीक आहे! मी तिला हे बोलून दाखवलं. "एक दिवस पडशील तू. आणि पोरं पडली तर?" ती हसून म्हणाली, "मग तू आहेस की."

मी संतापले. काय बोलतेय ही! मी सरांना सांगणार, असं तोंडावर सांगितलं. सर म्हणजे आमचे विभागप्रमुख, मनानं चांगले पण नियमाला चिकटलेले. त्यानंतर आम्ही काही दिवस बोललो नाही. मी दोनदा सरांच्या केबिनच्या दारापर्यंत गेले आणि परत फिरले. सांगितलं तर तिचं आयुष्य काढून घेतल्यासारखं होतं आणि नाही सांगितलं तर मुलांच्या जिवाशी खेळ. नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "तू काळजी लई करतीस." हे काय उत्तर झालं का?

शेवटी विजयाच आली, नव्या इमारतीत, जिने चढून, धापा टाकत. हातात कागदाच्या पट्ट्या. म्हणाली, "बघ, सोय केलीय." लेड ॲसिटेटच्या पाण्यात बुडवलेल्या पट्ट्या होत्या त्या. शिशाच्या आयनाला हायड्रोजन सल्फाइड भेटला की तो काळा पडतो. प्रॅक्टिकल सुरू होण्याआधी पट्ट्या ओल्या करून तिनं त्या छोट्या खोलीत आणि प्रत्येक टेबलावर लावायच्या ठरवल्या होत्या. अमोनियासाठी ओला तांबडा लिटमस, तो निळा पडेल. "आयुष्यभर सल्फाइड वापरून शिसं ओळखलं, आता शिसं वापरून सल्फाइड ओळखते. हिशेब तोच आहे ना? आणि तू सरांना काही सांगायच्या भानगडीत पडू नकोस. मी बघते." मी नाइलाजानं मान डोलावली. पण पट्टीवर माझा विश्वास कुठला बसायला! पट्टी वाळली तर? बघायची राहिली तर? म्हणून मी ठरवलं, तिच्या प्रॅक्टिकलच्या वेळी आपण एक चक्कर मारायची. तिच्या वाट्याचा वास आपण घ्यायचा.

चक्कर मारायची तर निमित्त हवं. कधी स्टँडचा क्लॅम्प, कधी फिल्टर पेपर, कधी "आमच्याकडचा ब्युरेट फुटलाय गं". माझ्या लॅबमध्ये इतकं सामान फुटत होतं की आमचा स्टोअरकीपर संशयानं बघायला लागला. मी दारात उभी राहून खोल श्वास घ्यायची, मुलांना दिसू नये असा. काही नाही ना? बरं. मग ती म्हणायची, "आलीच आहेस तर बस की पाच मिनिटं." मी बसायची. पाच मिनिटांचा अर्धा तास व्हायचा. ती मुलांच्या नळ्या उजेडात धरून बघायची, मला दाखवायची, "हा निकेल बघ, काय सुंदर गुलाबी आलाय." डबा असला तर कडक भाकरीचा तुकडा आणि चटणी पुढं करायची, आणि विचारायची, "खमंग आहे का गं?" मी हो म्हणायची. तिला नुसती तिखट लागायची ती चटणी, हे मला ठाऊक होतं.

घरची काळजी वेगळीच. मी रोज संध्याकाळी फोन करायची. हॅलो वगैरे काही नाही, "नॉब?" ती शेगडीपाशी जाऊन नॉब फिरवून दाखवायची, मला त्याचा आवाज ऐकू यावा म्हणून फोन जवळ धरायची. मी आग्रह करून भिंतीवर गॅसचा अलार्म लावायला लावला. एकदा मिरचीच्या फोडणीला तो वाजला म्हणे, सगळी बिल्डिंग जिन्यात जमा झाली. दुसऱ्या दिवशी तिनं तो काढून ट्रंकेत टाकला. मी फोनवर खूप बोलले. ती ऐकून घेत राहिली आणि म्हणाली, "झालं? आता नॉब ऐक."

एकदा मात्र माझा जीव जायची वेळ आली. कॉलेजच्या तपासणीची मीटिंग होती, प्राचार्यांपासून सगळे बसलेले, आणि नेमकं त्याच वेळी तिचं दुसऱ्या गटातल्या आयनांचं प्रॅक्टिकल, म्हणजे सल्फाइड वायूचंच. मला जाता येईना. समोर कोण काय बोलत होतं मला आठवत नाही. मी नुसती खिडकीकडं तोंड करून नाक लावून बसले होते. आणि आला. अगदी बारीक, पण तोच. मनाचे खेळ असतील म्हणून दाबून बसले, पुन्हा आला. मी उठले, "बरं वाटत नाही" असं काहीतरी पुटपुटले आणि पळाले. या वयात, साडी वर धरून, मैदानातून. पळताना एकच मनात, ती पडलीय. ती त्या खोलीत पडलीय आणि मुलं बाहेर उभी राहून मॅडम कधी येतात म्हणून वाट बघतायत.

लॅबच्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. मोठा पंखा घरघरत होता. मुलं बाहेर कडुनिंबाखाली, आणि विजया त्यांची डोकी मोजत उभी. मला बघून म्हणाली, "अगं, तोटी अडकली होती. कुणाला काही झालं नाही. तू मीटिंग सोडून आलीस?" मी तिला धरून हलवलं. काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मुलांसमोर बोलले. तिनं शांतपणे पर्समधून एक पट्टी काढून दाखवली, काळीकुट्ट झालेली. "पट्टीनं सांगितलं," ती म्हणाली. "बघ, काम करते की नाही?" मग मला कँटीनमध्ये नेऊन चहा पाजला. माझा चहा बशीत सांडत होता. ती माझ्याकडं बघत होती, आणि तिचे डोळे भरले होते. मला वाटलं, वायू लागला असेल डोळ्यांना.

मग ती गेली. रविवारी दुपारी जेवून झोपली, ती उठली नाही. सगळं रीतसर झालं. तिची प्रॅक्टिकलं कुणी घ्यायची हा प्रश्न आला, तेव्हा नवीन नेमणूक होईपर्यंत मी घेते म्हणाले. सर नुसते माझ्याकडं बघत राहिले.

पहिल्याच दिवशी अमोनियम होता. मुलांनी नळ्या तापवायला घेतल्या, मी सवयीनं नाक वर करून उभी. एवढ्यात मागून एक मुलगी खणखणीत आवाजात ओरडली, "अमोनिया, खिडकीचं टेबल!" दाराजवळच्या मुलानं "ऐकलं!" म्हणत पंख्याचं बटण दाबलं. दोघं-तिघं खिडक्यांकडं गेले. सगळं इतकं सरावाचं, की कुणी मान वर करूनही बघितलं नाही. मी विचारलं, "हे काय चाललंय?" मग ती मुलगी जीभ चावून म्हणाली, "सॉरी मॅडम. सवय आहे ना. विजया मॅडमना वास येत नव्हता की."

मी तिच्या टेबलापाशी गेले. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. पहिल्याच दिवशी सांगायच्या सगळ्या बॅचेसना. म्हणायच्या, माझं नाक गेलंय, आता तुमची नाकं लागतील. ज्याला पहिल्यांदा येईल त्यानं ओरडायचं, लाजायचं न्हाई."

"आणि ती तोटी अडकली होती, तेव्हा? पट्टी..."

"पट्टी नंतर काळी झाली मॅडम. आधी मागच्या टेबलावरनं ओरडले."

"सरांना माहीत होतं हे?"

"सरांनीच तर पंख्याचं बटण दाराजवळ घेतलं ना."

म्हणजे जगाला माहीत होतं. वर्गाला, सरांना, कदाचित त्या स्टोअरकीपरलाही. मी ज्यांच्यापासून लपवत होते त्या सगळ्यांना माहीत होतं, आणि मी एकटी रात्रंदिवस जीव टांगणीला लावून, क्लॅम्प मागत फिरत होते! मला इतका राग आला विजयाचा. समोर असती तर पुन्हा हलवली असती तिला धरून. मी जरा मोठ्यानंच विचारलं, "मग मी इतक्या वेळा यायची, तेव्हा कुणी ओरडलं कसं नाही कधी?"

मुलं एकमेकांकडं बघायला लागली. शेवटी तीच मुलगी म्हणाली, "मॅडमनी सांगितलं होतं, मंगल मॅडम आल्या की कुणी ओरडायचं नाही. त्यांना वास घेऊ द्यायचा."

"का?"

"म्हणायच्या... तिला कळलं तर ती यायची थांबेल."

मी मुलांना पुढचं काम करायला सांगितलं आणि फळ्याकडं तोंड करून उभी राहिले. नळ्या धुतल्याचे आवाज येत राहिले.

गेल्या आठवड्यात नवीन बाई रुजू झाल्या. तरुण आहेत, हुशार वाटल्या. माझं त्या लॅबमधलं काम संपलं. तरी परवा प्रॅक्टिकलच्या वेळी मी मैदान ओलांडून तिथं गेले आणि दारात उभी राहिले. त्या लगबगीनं उठल्या. "या ना मॅडम. काही हवं होतं का?"

मी तोंड उघडलं. ना क्लॅम्प, ना ब्युरेट, मला काही म्हणजे काहीच सुचलं नाही.